टाकी फुल केली की गाडी उठत नाही. पर्ज व्हॉल्व्ह शोधायचा कुठे?

गोडोलीकर (सातारा)
नमस्कार मंडळी. माझी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, ७१ हजार किमी झालेली. (कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर प्रश्न राहतो बाजूला आणि "तीच कशाला घेतली" सुरू होतं.) दर शनिवारी पहाटे पुण्याला जायचं असतं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी टाकी फुल. दोन महिने झाले, पेट्रोल भरलं की पंपावरच सेल्फ नुसता फिरतो. पाच-सहा वेळा मारून, ॲक्सिलरेटर दाबून धरला की कशीबशी उठते, पेट्रोलचा वास मारते आणि पोवई नाक्यापर्यंत थरथरत येते. तीच गाडी अर्ध्या टाकीवर खंबाटकी चढते, तेव्हा कुरकुर नाही. चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर पी-०४४१ हा कोड आला, म्हणजे पर्ज व्हॉल्व्हच्या वाटेनं पेट्रोलची वाफ नीट जात नाही म्हणे. गॅरेजमध्ये प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी धुतली, आता फ्युएल पंप बदलू म्हणतात. बदलू का?

बारा-तेराचा पाना (कराड)
सर, पंपाला हात लावू देऊ नका. तुमच्या गाडीचं पोट ठीक आहे, ढेकर नको तेव्हा येतोय.

टाकीत पेट्रोलची वाफ होते. ती हवेत सोडायची नाही म्हणून कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठवतात. गाडी गरम होऊन चालायला लागली की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळतं. एरवी तो बंदच पाहिजे. तुमचा बहुतेक उघडा अडकलाय. टाकी भरताना आतली वाफ डब्याकडे ढकलली जाते, तिथून सरळ इंजिनात. मिश्रण फार श्रीमंत झालं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त, की गाडी उठणार कशी? ॲक्सिलरेटर दाबला की जादा हवा जाते, म्हणून उठते.

शोधायला सोपा. बॉनेट उघडा, इनटेक मॅनिफोल्डवरून निघालेला बारीक पाइप धरून चला. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, काळा, दोन पाइप आणि दोन पिनांचं सॉकेट असलेला तुकडा दिसेल, तोच. डबा बऱ्याच गाड्यांत मागे टाकीजवळ असतो, काहींत पुढेच.

सकाळी थंड इंजिन चालू करा, व्हॉल्व्हचा कॅनिस्टरकडचा पाइप काढा, व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर अंगठा ठेवा. ओढ लागली तर व्हॉल्व्ह गेला. लागली नाही तर पुन्हा लिहा. आणि बिडी लांब ठेवा.

एक विचारतो, राग मानू नका. नोझल कट झाल्यावर वरून भरता का?

उसाचा_ट्रॅक्टर
डिझेल घ्या, ही भानगडच नाही 😄

मिरजकर
माझं उलटं होतं. भरतानाच दर लिटर-दोन लिटरला नोझल खटकन बंद. कर्मचारी वैतागायचा, मी त्याच्यावर. शेवटी निघालं काय, तर कॅनिस्टरच्या मोकळ्या हवेच्या पाइपात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं! गाडी शेतातल्या शेडमध्ये उभी असते ना. टाकीतली हवा बाहेर जायला वाटच नव्हती. गोडोलीकरांचं भरताना अडत नसेल तर हे नाही.

गोडोलीकर
पाना काका, रविवारी केलं. अंगठा असा ओढला की दचकलोच! व्हॉल्व्ह काढून पांढऱ्या कागदावर आपटला, तर मोहरीएवढे काळे दाणे पडले.

आणि हो, भरतो वरून. कट झालं की "राउंड फिगर कर" म्हणायची सवय, वडिलांपासूनची. त्यांच्या स्कूटरला चालायचं.

बारा-तेराचा पाना (कराड)
दाणे म्हणजे डब्यातला कोळसा. वरून भरलेलं पेट्रोल डब्यात उतरलं, कोळसा भिजला, फुटला, व्हॉल्व्हात अडकला. नुसता व्हॉल्व्ह बदलला तर नव्यातही दाणे जातील. डबा आणि व्हॉल्व्ह जोडीनं बदला, मधला पाइप हवेनं फुंकून घ्या. मग कोड पुसा.

गोडोलीकर
दोन्ही बदलले. शुक्रवारी टाकी फुल केली, पहिल्या सेल्फला उठली. मीटर १,३८७ वर थांबलं होतं. पोरगं सवयीनं म्हणालं, "चौदाशे करू ना सर?" नको म्हटलं, तर माझ्याकडे असं बघितलं जणू मी आजारी आहे.

गॅरेजवाल्यांनी फ्युएल पंपाची ऑर्डर आधीच देऊन ठेवलीय. ते आता कसं निस्तरायचं, सुचवा कुणीतरी.