मदत हवी आहे : उद्या ताईची पहिली केमो, सोबत काय काय न्यायचं?

घाईत_आहे
उद्या सकाळी ८ ला ताईची पहिली केमो आहे. बॅग भरायला घेतली तर निम्मी माझ्याच सामानाने भरली. दिवसभर बसायचंय म्हणतात. तिला जरा बरं वाटेल असं काय न्यायचं? अनुभव असलेल्यांनीच सांगा, गूगल मी पण केलंय, तिथे सुगंधी मेणबत्ती न्या असं लिहिलंय, आता ऑक्सिजनच्या नळीशेजारी मेणबत्ती लावू का. लवकर सांगा प्लीज.

सुईदोरा
कुठलं औषध? किती तास? पोर्ट (औषधाची सुई टोचायला कातडीखाली बसवलेली डबी) आहे की हातातून सलाईन?

घाईत_आहे
कॅन्सरची केमो आहे हो. ऑपरेशन मागच्या महिन्यात झालं, नंतर खांद्याखाली काहीतरी बसवलंय. सामानाचं सांगा ना.

सुईदोरा
ते काहीतरी म्हणजेच पोर्ट. मग पुढून बटणं असलेला सैल शर्ट घाला, डोक्यावरून घालायचा टीशर्ट नको, नाहीतर सुई लावायच्या वेळी ताईची फजिती. आणि खाली नाडीची किंवा इलॅस्टिकची पँट, इतकं सलाईन जातं की दर थोड्या वेळाने स्टँड ढकलत बाथरूमला जावं लागतं, तेव्हा एका हाताने बेल्ट सोडता येत नाही. पोर्टवरची कातडी बधिर करायचं क्रीम मिळतं, पण ते साधारण तासभर आधी लावावं लागतं, तिथे पोचून लावून उपयोग नाही. आजच वॉर्डला फोन करून विचारा चालेल का.

थंडगार
बाकी सगळं राहू दे, थर्मासभर बर्फाचे तुकडे न्या. मला औषध देताना अर्धा तास बर्फ चघळायला लावायचे, सहा सायकलमध्ये (केमोच्या फेऱ्यांत) तोंडात एक फोड आला नाही. शेजारचीचं तोंड मात्र पार सोलून निघालं होतं.

पिवळी_छत्री
+१, आणि गोठवलेले हातमोजे, पायमोजे पण! मला पॅक्लिटॅक्सेल नावाचं केमोचं औषध होतं, बोटं बधिर होऊ नयेत म्हणून घालून बसायचे. हात इतके गारठायचे की रडू यायचं पण आज सुईत दोरा ओवता येतो.

कोपऱ्यातला
थांबा थांबा. औषध कळल्याशिवाय कोणी बर्फ सांगू नका. आमच्या बाबांना ऑक्झॅलिप्लॅटिन होतं, पहिल्या दिवशी मीच शहाण्याने गार पाणी दिलं, तर घशात काचा अडकल्यासारखं झालं आणि श्वास कोंडला म्हणून घाबरले. श्वास चालू असतो पण वाटत नाही. पुढे चार-पाच दिवस फ्रिजमधली वस्तू त्यांना हातात धरवायची नाही.

थंडगार
मी काय मनाचं सांगतेय का? नर्सनेच दिला होता बर्फ.

कोपऱ्यातला
तुम्हाला कुठलं होतं?

थंडगार
५-एफयू. आणि ल्युकोव्होरिन.

कोपऱ्यातला
बरोबरच आहे मग, त्याला देतात. पण त्याच दिवशी ऑक्झॅली पण असेल तर?

थंडगार
असेल तर. नसेल तर? उगाच घाबरवू नका माणसाला आदल्या रात्री.

रानवाट
विग आत्ताच घ्या, डोक्यावर केस असतानाच रंग जुळवता येतो. माझ्याकडे चांगला आहे, फारसा वापरलेला नाही.

निसर्गप्रेमी
अँटीऑक्सिडंटच्या हाय डोस कॅप्सूल आजपासूनच सुरू करा, साईड इफेक्ट होतच नाहीत. हॉस्पिटलवाले सांगणार नाहीत.

सुईदोरा
धागाकर्ते, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नका. काही कॅप्सूल केमोच्या कामातच अडथळा आणू शकतात. निसर्गप्रेमी, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे भांडायला येते.

घाईत_आहे
अरे सामान विचारलं होतं मी!! ताईला उठवून फाईल घेतली. ऑक्झॅलिप्लॅटिन, ल्युकोव्होरिन, ५-एफयू, दर १४ दिवसांनी. थर्मासमध्ये बर्फ भरून झाला होता. ओतून दिला.

कोपऱ्यातला
हुश्श. आता त्याच थर्मासमध्ये कोमट पाणी न्या. हातमोजे, पायमोजे, कानटोपी, मफलर, सगळे साधे लोकरीचे (गोठवलेले नव्हे, छत्रीताई). एसीच्या झोताखालची खुर्ची घेऊ नका. घरी येताना गाडीचं लोखंडी हँडल पण झोंबतं, दार तुम्हीच उघडा.

पिवळी_छत्री
ओके ओके, माझे मोजे मागे घेते. मग बिनवासाचा लिप बाम, लांब वायरचा चार्जर आणि स्वतःची उशी न्या. तोंडाला लोखंडासारखी चव येते, प्लास्टिकचा चमचा ठेवा. अत्तर, वासाचं क्रीम तुम्ही पण लावू नका. आणि तिच्या सगळ्यात आवडीचा पदार्थ डब्यात नेऊ नका. मळमळीच्या वेळी जे खाल्लं ते पुढे कित्येक महिने समोर नको होतं.

सुईदोरा
आणि घरी थर्मामीटर. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेलं की सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच फोन. केमोने पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना साधा ताप साधा नसतो. अवांतर : मळमळीसाठी स्टेरॉईड देतात, त्याने रात्री झोप उडते, घाबरू नका. डायबिटीस असेल तर साखर चढते. आहे का?

घाईत_आहे
हो आहे की, ते सांगायचं राहिलंच.

सुईदोरा
देवा. गोळ्यांची यादी आणि ग्लुकोमीटर बॅगेत टाका, आणि उद्या पोचल्या पोचल्या नर्सला सांगा.

रानवाट
ऑक्झॅलीने सहसा सगळे केस जात नाहीत म्हणे, विरळ होतात. विगचं राहू दे मग.

घाईत_आहे
(दुसऱ्या दिवशी रात्री) आलो परत. हातमोजे आणि कोमट पाणी सगळ्यात कामाला आलं, तरी डावा हात झिणझिणतोय म्हणते, नर्स म्हणाली होतं तसं, पण कळवत राहा. चादर बाहेरच काढली नाही. मी डाउनलोड केलेल्या बावीस मालिका तशाच पडून. ती अर्धा वेळ झोपली आणि उरलेला वेळ पलीकडच्या खुर्चीवरच्या बाईशी बोलत बसली, मला म्हणाली तू जरा बाहेर जा, दर पाच मिनिटाला बरं वाटतंय का विचारू नकोस. एक कोणीच सांगितलं नाही, घरी पाठवताना औषधाचा पंप जोडून दिलाय, ४६ तास चालणार, कमरेला पिशवी. रात्री झोपताना ती पिशवी ठेवायची कुठे?

कोपऱ्यातला
उशीशेजारी. बाबा शर्टाच्या आतून नळी घेऊन टेपने चिकटवायचे म्हणजे कूस बदलताना ओढ बसत नाही. बाथरूमला उठताना आधी पिशवी उचलायची मग उठायचं, आमच्याकडे दोनदा उलटं झालं.

थंडगार
पंपात ५-एफयूच आहे ना? मग बर्फ...

कोपऱ्यातला
अहो!!!