धारण तलाव बुजवून घरं बांधावीत का?

बेलापूरकर: सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक काका धारण तलावाबद्दल म्हणाले, "चिखलाची जागा नुसती पडून आहे, इमारती होऊ देत." अहो, नवी मुंबईचा बराच भाग खाडीत भराव टाकून, भरतीच्या पातळीखाली वसवलाय. म्हणून तर शहर वसवणाऱ्या सिडकोने हे तलाव राखले. भरतीला खाडीकडच्या झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की खाडीत उतरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला होता. तसा पुन्हा पडला तर पाणी कुठे ठेवणार, पार्किंगमध्ये?

तळमजला_वाशी: कागदावर झकास. आमच्याकडचा तलाव गाळाने भरलाय, वर तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, माजलीत. ती तोडून गाळ उपसायचा म्हटलं की हायकोर्टाची परवानगी हवी. तोवर माझा सोफा विटांवर. पर्यावरण तुमचं, ओल आमच्या भिंतीला!

खाडीवाला: दादा, "माजलीत" नका म्हणू. आमचा आजा त्याच तिवरांच्या मुळांत हात घालून चिंबोऱ्या काढायचा. कोळंबीची पिल्लं तिथेच वाढतात. हे तिवरांचं कांदळवन गेलं की आमचं जाळं रिकामं. बाकी २०२२ ला ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक रामसर यादीत गेली, कॅमेरेवाले वाढले, जाळ्यात प्लास्टिक तेवढंच.

तळमजला_वाशी: आणि विमानतळ? मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसच्या वर फ्लेमिंगो मेले. आता इथेही विमानं उतरतायत, शेजारी पाखरं कशाला पोसायची?

बेलापूरकर: उलटं आहे ते. भरतीत खाडीचा चिखल बुडला की फ्लेमिंगो टेकायला शहरातल्या पाणथळींवर येतात. त्या बुजवल्या तर थवे जागा शोधत आणखी भटकणार, आकाशातच ना? गाळाचं मात्र तुमचं खरं आहे. परवानगी काढून मधला भाग उपसावा, काठची तिवरं राहू द्यावीत. तलावच बुजवणं म्हणजे गटार तुंबलं म्हणून गटारावर लादी बसवण्यासारखं.

तळमजला_वाशी: परवानगी येईपर्यंत माझ्या घरी राहायला या. जुलैत.

खाडीवाला: आधी झडपा तरी बघा कुणीतरी. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे झडपेत सिमेंटची गोणी अडकली, ती मिटेचना. उधाणाचं पाणी उलटं आत. शेवटी आळीतली दोन पोरं कंबरभर पाण्यात उतरली, कोयत्याने गोणी कापली तेव्हा कुठे झडप मिटली.