‘समजलं ना?’ विचारलं की ‘हो’ येतं, पण काम भलतंच होतं

सांजवारा:
सूचना सांगून झाल्यावर ‘समजलं ना?’ विचारलं की समोरचा ‘हो’ म्हणतो, आणि दोन दिवसांनी वेगळंच काहीतरी हातात येतं. घरीही तेच, कामावरही तेच. सावकाश बोलून किंवा दोनदा सांगून फरक पडत नाही. सांगण्याच्या पद्धतीत नेमकं काय बदलावं?

कानोसा:
आधी ‘समजलं ना?’ विचारणं बंद करा. ‘नाही’ म्हणायला संकोच वाटतो. शिवाय ‘हो’ म्हणणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. त्याला जेवढं कळलंय, तेवढंच त्याला पूर्ण वाटत असतं.

त्यापेक्षा त्याच्याच तोंडून वदवून घ्या. रुग्णाला औषधं समजावून देतानाही ही रीत वापरतात. ‘माझ्याकडून काही सांगायचं राहिलं का ते बघतोय. तुम्ही सुरुवात कशी कराल?’ चूक असलीच तर सांगणाऱ्याची, असा सूर हवा. ‘सांग बघू, मी काय म्हणालो’ म्हटलंत की तोंडी परीक्षा सुरू होते आणि माणूस आक्रसतो.

एका दमात दोन-तीनच मुद्दे सांगा आणि थांबून विचारा. तुमचेच शब्द जसेच्या तसे परत आले, तर समाधान मानू नका. ‘साहित्य वेळेत आलं नाही तर काय कराल?’ असं काही विचारा. गैरसमज असेल तर तो इथे उघडा पडतो.

मितभाषी:
१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ३ ओळखली गेली! वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खी चाल असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक.

म्हणून तुमच्या डोक्यातलं बाहेर काढा: काम कशासाठी आहे, कुठवर आलं की ‘झालं’ म्हणायचं, कधी हवं. ‘लवकर’, ‘थोडं’, ‘व्यवस्थित’ यांनी काहीच ठरत नाही. ‘शुक्रवारपर्यंत’ नको, ‘शुक्रवारी दुपारी ४ च्या आत’ म्हणा. फोनवर एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांची हमखास गल्लत होते, तेव्हा ‘पाच, नऊ’ असे सुटे आकडे सांगा.

सांजवारा:
घरात दर वेळी असं केलं तर माणसं वैतागतील ना? आणि समोरचा आधीच चिडलेला असेल तर?

कानोसा:
दर वेळी नकोच. पैसे, औषध, तारखा आणि नंतर दुरुस्त न होणारी कामं, एवढ्यापुरतंच. दिवा बंद करायला सांगताना कशाला?

चिडलेल्या माणसापुढे क्रम उलटा करा. त्याचं म्हणणं आधी तुम्ही मांडा: ‘न विचारता तारीख बदलली म्हणून राग आलाय, बरोबर?’ आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच अवघड. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भागच जातो, म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवत असतो. मुद्दाम तीन सेकंद थांबा. त्याने ‘हो, तेच’ म्हटल्याशिवाय स्वतःची बाजू मांडू नका. ‘नाही, तारखेचं नाही हो’ असं उत्तर आलं तर उलट बरंच, कारण खरं कारण आता तो स्वतःच सांगेल.