लोकल क्लासमध्ये ट्रेलरवरची गाडी कशाला?

माळावरचा
काल इथं पुण्याच्या एका सभासदांनी लिहिलं, 'सोलापूरच्या मातीवरच्या कार रेसला फक्त एमएच १३ ची अट लावणं म्हणजे हरायला घाबरणाऱ्यांची सोय. ड्रायव्हर असाल तर कुणासमोरही उभे राहा.' याला दोन ओळींत उत्तर देता येत नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आपल्या लोकल क्लासला, म्हणजे ही अट असलेल्या गटाला, कोण येतं ते आधी बघा. गॅरेजवाला, टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, चिंचोळी एमआयडीसीतला टर्नर, बागायतदाराचा पोरगा. बहुतेकांकडे जुनी मारुती ८००. कंपनीने ती २०१४ ला बंद केली, त्यामुळे आता मिळते ती थकलेलीच. मागची सीट, कार्पेट, दारांची पॅनेलं काढायची, गाडी उलटली तर वाचवणारा लोखंडी पिंजरा म्हणजे रोल केज वेल्ड करून घ्यायचा, इंजिन बंद करायचा किल स्विच बाहेर आणायचा, झाली गाडी. तिच्या शेजारी ट्रेलरवरून एक गाडी उतरते. सोबत दोन मेकॅनिक, कोरड्या आणि ओल्या मातीचे वेगळे टायर, गिअरबॉक्समध्ये लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. चाक घसरलं तरी दुसरं ओढतं, आणि आपली ८०० त्याच वळणावर एक चाक हवेत गरगरत उभी.

आणि मातीवर पहिलं वळण म्हणजे निम्मी रेस. जो पुढं गेला त्याला समोर ट्रॅक दिसतो, मागच्यांना नुसता फुफाटा. आपलं पोरगं पहिल्या वळणाला पाचवं असलं की उरलेले लॅप अंदाजानं मारतं. त्याला भित्रा म्हणू नका. अट पाहिजेच.

पोलोवाला
ते लिहिणारा मीच. तुम्ही ट्रेलरचं चित्र रंगवलंत, माझं ऐका. माझी शाळा सोलापुरात, कॉलेज सोलापुरात, आई मंगळवेढ्याची. नोकरी सोलापुरात मिळाली नाही म्हणून पुण्यात आहे. गाडी तिथं घेतली म्हणून एमएच १२. रोज ऑफिसला नेतो तीच गाडी चालवत आलो, ट्रेलर नाही, मेकॅनिक नाही, डिकीत हेल्मेट आणि जॅक. तपासणीच्या टेबलावरच्या माणसाने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. नंबर प्लेट वाचली आणि 'ओपनला जा', म्हणजे सगळ्यांना खुल्या गटात जा, म्हणाला. ओपनला खरोखरच ट्रेलरवाले होते. मी कुठला, ते सांगा.

अकलूजकर
एमएच १३ एमएच १३ काय लावलंय? आमचं पासिंग एमएच ४५ आहे. माळशिरस तालुका सोलापूर जिल्ह्यात आहे का नाही? कलेक्टर कचेरीच्या कामाला सोलापूर गाठतो आणि रेसला आम्ही बाहेरचे? अट लिहिणाऱ्याने कधी टेंभुर्णीच्या पुढं येऊन बघितलंय का?

माळावरचा
अकलूज जिल्ह्यातच आहे, त्याबद्दल वाद नाही. ४५ घ्या. पोलोवाल्यांचंही दुःख समजतं, पण एकाला सूट दिली की दुसऱ्या दिवशी पुण्यातले दहा जण आत्याचं गाव सांगत येतील.

विजापूर वेशीतला
इथं घरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं आणि तुम्ही फुफाटा बसावा म्हणून मातीवर टँकर ओतता. आधी त्यावर बोला. उजनी भरून वाहिली तरी आमच्या टाक्या कोरड्या. कुणाची गाडी कुठल्या क्लासला हा प्रश्न नंतर.

माळावरचा
टँकर शेजारच्या शेतातल्या विहिरीचा असतो. महापालिकेच्या पाण्याचा थेंब नाही त्यात.

विजापूर वेशीतला
विहिरीत पाणी आभाळातून थेट पडतं काय? जमिनीतलंच ना ते? मार्च-एप्रिलमध्ये त्याच शिवारातली बाई घागर घेऊन फिरते. रेस पावसाळा संपल्या-संपल्या घ्या, माती ओली असते, टँकर लागत नाही. एवढं तरी ऐका.

अशोक चौक गॅरेज
पाणीवाल्या दादांचं म्हणणं आयोजकांनी मनावर घ्यावं. आता मूळ विषय. पासिंग बघून काय कळतं? एमएच १३ ची गाडी आतून काय आहे हे मी सांगतो, कारण उघडतो मी. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं, पोर्ट पॉलिश केलेले, फ्लायव्हील हलकं केलेलं. नंबर सोलापूरचा, इंजिनवर खर्च पुण्याच्या वरचा. अट इंजिनवर पाहिजे.

पण तीही डोकं वापरून. मागे एका मैदानाला '८०० सीसीच्या आत' अशी अट होती. ८०० चं मूळ इंजिन ७९६ सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७२. जुनं इंजिन धूर मारायला लागलं की आपण रिबोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून थोडा मोठा करून, ओव्हरसाइज पिस्टन टाकतो. पाव मिलिमीटरचा पहिला ओव्हरसाइज टाकला तरी इंजिन ८०१ च्या वर जातं, अर्ध्याचा टाकला की ८०७. माझ्या भाच्याची गाडी त्याच कारणाने बाद झाली. त्याने ताकद वाढवायला नव्हतं केलं, नवीन ब्लॉक घ्यायला पैसे नव्हते. बोअर गेज हातात धरून मापणारा बरोबर होता, नियम लिहिणारा चुकला. गरिबासाठी लिहिलेली अट गरिबालाच लागली. ८२० लिहा, पोरं खूश.

सांगोल्याचा खिल्लारी
तुमचा हा प्रश्न बैलगाडीच्या मैदानात कधीच सुटलाय. तिथं गाव विचारत नाहीत, दात विचारतात. दुधाचे दात असले तर आदत, पहिली जोडी पडून कायमचे दोन आले की दुसा, मग चौसा, पुढं ओपन. साताऱ्याचा येऊ दे नाहीतर सांगलीचा, आदत मैदानात आदतच पळणार. वासराचा जबडा उघडला की निकाल. गाडीलाही असंच काहीतरी शोधा.

करमाळ्याचा मास्तर
दात बघून न्याय होतो म्हणता? जरा मैदानात या. दात हलत असलेला खोंड आदत म्हणून पळवतात, बघणारा ओळखीचा असला की तोंड अर्धंच उघडतात. आणि पैरा विसरलात? गरिबाच्या एका बैलाला मोठ्या मालकाचा नावाजलेला बैल जोडायचा, गाडी गरिबाच्या नावावर, बक्षिसाचा वाटा मालकाचा. उद्या ८०० सुद्धा अशीच पळेल: गाडी टर्नरची, ड्रायव्हर भाड्याने आणलेला.

सांगोल्याचा खिल्लारी
मास्तर, पैऱ्याला नावं ठेवू नका. पैरा नसता तर एक बैल असलेला माणूस मैदानात उतरलाच नसता. माझा खोंड पहिल्यांदा पळाला तो पैऱ्यावरच. समोरच्याने एक रुपया मागितला नाही, उलट वैरण दिली. लांड्यालबाड्या करणारे सगळीकडे असतात, म्हणून पद्धत वाईट होत नाही.

पार्क चौक
जनावराची उदाहरणं नकोत. गाडीला वेदना होत नाहीत.

सांगोल्याचा खिल्लारी
हे वाक्य २०१४ पासून ऐकतोय. सुप्रीम कोर्टाने तेव्हा बंदी घातली, डिसेंबर २०२१ ला शर्यती परत सुरू झाल्या, मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. मधली सात वर्षं आमच्याकडं काय झालं ते पार्क चौकातून दिसलं नसेल. खिल्लार खोंडाला गिऱ्हाईक नव्हतं. ट्रॅक्टर आल्यावर शेतात बैल उरला नाही, शर्यत गेली तर तो पाळायचा कशाला? माझ्या चुलत्यांनी गोठा मोकळा केला. शर्यतीने बैल मेला नाही, शर्यत बंद झाल्यावर बैल गेला.

पार्क चौक
चुलत्यांचं वाईट वाटतं. पण बंदी काही उगीच आली नव्हती. शेपूट पिरगाळणं, खिळ्याची काठी, करंट हे मी स्वतः बघितलंय. आता नियमात हे सगळं बंद आहे, धाव हजार मीटरच्या आत आहे, तेही कोर्टाच्या धाकाने. एवढं तुम्ही मान्य करा, मग मी खोंडाचं मान्य करतो.

सांगोल्याचा खिल्लारी
काठी वापरणाऱ्याला मैदानातून हाकललाच पाहिजे. झालं? आता तुम्ही खोंडाचं मान्य करा.

पार्क चौक
केलं.

पोलोवाला
धागा गाड्यांचा होता. परदेशात यावर बरंच डोकं चाललंय. अमेरिकेत नॅसकार या कार रेसच्या संघटनेत हेच भांडण झालं. वरच्या कप मालिकेचे ड्रायव्हर खालच्या मालिकेत येऊन ट्रॉफ्या न्यायचे. काइल बुशने खालच्या, तेव्हाच्या एक्सफिनिटी मालिकेत १०२ रेस जिंकल्यात. शेवटी २०१७ पासून नियम आला, कपमध्ये पाच वर्षांहून जास्त काढलेल्याला एक्सफिनिटीत वर्षाला दहाच रेस, पुढच्या वर्षी त्याही सातच. तो कुठल्या राज्यातला हे कुणी विचारलं नाही. अनुभव विचारला. मी याआधी एकही अधिकृत रेस पळालो नाही. अनुभवाच्या हिशोबाने मी लोकल आणि तुमचा एमएच १३ वाला, ज्याच्याकडं एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं लायसन्स आणि राष्ट्रीय ऑटोक्रॉसच्या ट्रॉफ्या आहेत, तो ओपन.

माळावरचा
तो एमएच १३ वाला कोण हे सगळ्यांना माहीत आहे. त्याला लोकलमध्ये पळू देणं मलाही पटत नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर बोललोय. पण अनुभव मोजायचा कसा? अर्जात प्रत्येक जण नवशिकाच असतो.

बार्शीची
अनुभवाचं निघालंय तर माझंही ऐका. मला दरवेळी लेडीज क्लासला ढकलतात. चार गाड्या असतात, त्यातल्या दोन सुरू होत नाहीत, टाळ्या मात्र भरपूर. मला लोकलमध्ये पळायचंय, माझ्या भावाशेजारी. त्याची गाडी मीच बांधली. प्रवेश देणाऱ्यांनी विचारलं, 'ताई, लागलं-बिगलं तर जबाबदार कोण?' भावाला हे कुणी विचारत नाही. पासिंग, दात, सीसी सगळ्यावर बोललात, यावर एक शब्द नाही.

अशोक चौक गॅरेज
ताई, तुमची गाडी मी बघितली आहे. केजचं वेल्डिंग अर्ध्या लोकल क्लासपेक्षा चांगलं आहे. तुम्ही लोकललाच पळा, मी आयोजकांशी बोलतो.

करमाळ्याचा मास्तर
अनुभव कागदावर मोजायचाच नाही, निकालावर मोजायचा. इंग्लंडच्या ब्रिस्का स्टॉक कार रेसमध्ये गाडीच्या टपाचा रंग ड्रायव्हरच्या निकालावरून ठरतो. पांढरा सगळ्यात खालचा, मग पिवळा, निळा, लाल. सुरुवातीला पांढरे पुढं उभे राहतात, लाल मागं. जिंकणाऱ्यालाच फुफाट्यातून यावं लागेल. आपल्याकडं पहिल्या वळणाचंच रडगाणं आहे ना? मग एका रंगाच्या डब्यात काम होतं. बंदी कुणालाच नाही.

माळावरचा
आणि पहिल्या मैदानाला? निकालच नसेल तेव्हा पुण्याची तयारीची गाडी पांढऱ्या टपाने पुढं उभी. एक मैदान ती फुकट नेणार.

करमाळ्याचा मास्तर
एक नेईल. तुमच्या अटीने पोलोवाल्यासारखा पोरगा सगळीच हरतो. आणि मुद्दाम हळू पळून पांढरा टप राखणारे निघतील, तेही आधीच सांगून ठेवतो.

अशोक चौक गॅरेज
तयारीच्या गाडीवरही औषध आहे. अमेरिकेत आयएमसीए या संघटनेच्या मातीवरच्या रेसमध्ये इंजिन क्लेम करायची सोय असते. रेस झाली की हरलेला स्पर्धक ठरलेल्या रकमेला जिंकणाऱ्याचं इंजिन मागू शकतो. दिलं नाही तर निकाल गेला. आपोआप कुणी लोकलच्या इंजिनात लाखांनी पैसे ओतत नाही, कारण संध्याकाळी ते दुसऱ्याच्या गाडीत बसायचं.

अकलूजकर
इथं इंजिन मागितलं तर संध्याकाळी पोलीस स्टेशन. माझ्या भावकीत बांधावरून बोलणं बंद आहे, इंजिनावरून काय होईल?

माळावरचा
अकलूजकरांचं बरोबर आहे, क्लेम इथं चालणार नाही. टपाचा रंग चालेल, एवढं मी मानतो, पहिल्या मैदानाबद्दल माझी तक्रार कायम ठेवून. नंबर प्लेटची अट निघाली तरी चालेल, पण एका अटीवर: ज्याने राष्ट्रीय पातळीवर पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत नंबर, घेतलाय त्याला लोकल बंद, सोलापूरचा असो नाहीतर पुण्याचा. पोलोवाले, तुम्हाला आत घेतलं, पण तुमच्या कालच्या 'घाबरणारे' या शब्दाला माझी सही नाही.

पोलोवाला
शब्द मागे घेत नाही, ज्यांना उद्देशून होता ते गप्प आहेत. बाकी मान्य. अर्जातला 'पासिंग' रकाना काढा आणि 'याआधी कुठं पळालात' हा घाला.

बार्शीची
आणि 'लेडीज' हा रकाना ऐच्छिक करा.

अकलूजकर
रकाना निघेपर्यंत एमएच ४५ चा उल्लेख पाहिजे. तोंडी नको, छापील.

अशोक चौक गॅरेज
छापतील. तपासणीच्या टेबलाला मी बसतो, बोअर गेज माझा, मारुती ८०० ला ८२० ची मर्यादा. प्रत्येक जिंकणाऱ्याचं हेड तिथल्या तिथं उघडणार, सगळ्यांसमोर. फक्त एक: तपासणी चालू असताना कुणा नगरसेवकाचा, पाहुण्याचा फोन माझ्याकडं आला तर हेड बंद न करता मी घरी जाणार. हे आयोजकांनी आधी लिहून द्यावं.