पोर्ट आर्थर रशियाच्या हातून गेल्यावरही इंग्रज वेइहायवेईत का राहिले?

करवीरकर, कोल्हापूर:
राजारामपुरीतील आमच्या वाचनमंडळात चीनमधील भाडेपट्ट्याच्या बंदरांवर चर्चा ठरली आहे, त्यासाठी एक शंका विचारतो. १ जुलै १८९८ च्या कराराने इंग्रजांनी शांडोंग द्वीपकल्पाच्या टोकावरील वेइहायवेई बंदर घेतले आणि मुदत ठेवली ती समुद्रापलीकडचे पोर्ट आर्थर हे चिनी बंदर रशियाच्या ताब्यात असेपर्यंतची. १९०५ मध्ये रशिया-जपान युद्ध संपवणाऱ्या पोर्ट्समथच्या तहाने पोर्ट आर्थर जपानकडे गेले, म्हणजे मुदतच संपली. तरीही इंग्रजांचा झेंडा तिथे १९३० पर्यंत राहिला. हे कसे चालले?

रंकाळाकाठ:
अट रशियावर बेतलेली असली, तरी पोर्ट आर्थर काही चीनला परत मिळाले नव्हते, आणि तेवढ्यावरून इंग्रजांना निघा म्हणण्याइतके बळ पेकिंगच्या दरबारात उरले नव्हते. याच बंदरात, लिउगोंग बेटाच्या आडोशाला, १८९५ च्या फेब्रुवारीत जपान्यांनी चीनचे बेइयांग (उत्तरेचे) आरमार कोंडून संपवले आणि त्याचे नौसेनापती डिंग रुचांग यांनी आत्महत्या केली. त्यानंतर बंदर परत घेऊन ते राखणार कशाच्या जोरावर? शिवाय त्याच द्वीपकल्पात चिंगडाओला जर्मनांचा नाविक तळ होता.

मालवणचा पाहुणा:
जर्मनांचा मुद्दा उलट्या बाजूने पाहावा. इंग्रजांनी १८९८ मध्येच जर्मनीला शब्द दिला होता की वेइहायवेईतून शांडोंगमध्ये रेल्वे नेणार नाही. रेल्वे नाही म्हणजे मोठा व्यापार नाही. पुढे तटबंदीचा बेतही सोडून दिला. उरले ते आरमाराचे उन्हाळी ठाणे: तोफांचा सराव, आजारी खलाशांसाठी हवापालट. १९०२ पासून आयुक्त असलेल्या लॉकहार्ट यांनी कारभारही गावोगावच्या मुखियांमार्फत, बेताच्या खर्चात चालवला. माझ्या मते हे ठाणे टिकले ते महत्त्वामुळे नव्हे, तर कोणाला खुपत नव्हते म्हणून. कोल्हापूरकरांना यात नवल वाटू नये: चाचेगिरी थांबवण्याच्या नावाखाली १८१२ च्या तहाने मालवण कोल्हापूरकडून इंग्रजांकडे गेले, चाचे संपले, बंदर मात्र राज्याला परत मिळाले नाही.

करवीरकर, कोल्हापूर:
मग १९३० मध्येच सोडण्याचे कारण काय?

रंकाळाकाठ:
सोडण्याचा निर्णय आधीचा आहे. १९२१-२२ च्या वॉशिंग्टन परिषदेत जपानने १९१४ मध्ये जर्मनांकडून घेतलेले चिंगडाओ चीनला परत देण्याचे कबूल केल्यावर इंग्रजांना स्वतःचा पट्टा धरून बसणे शोभले नसते. इंग्रजांचे प्रतिनिधी बाल्फोर यांनी तिथेच वेइहायवेई परत करण्याची घोषणा केली. पण चीनमध्ये यादवी माजलेली, तेव्हा बंदर सोपवायचे कोणाकडे, यातच वर्षे गेली. अखेर १ ऑक्टोबर १९३० रोजी तिथले शेवटचे आयुक्त जॉन्स्टन यांनी ते चीनच्या नानकिंग येथील राष्ट्रवादी सरकारच्या हवाली केले. हे जॉन्स्टन म्हणजे शेवटचा सम्राट पुयी याचे एकेकाळचे शिक्षक. तेव्हाही लिउगोंग बेटावरील सोयी आणखी दहा वर्षे वापरण्याची सवलत इंग्रज आरमाराने पदरात पाडून घेतलीच.