रक्तवाढीचे घरगुती उपाय : करून पाहिलेत? आकड्यासकट सांगा

'रक्त कमी आहे' म्हटलं की बीट, काळ्या मनुका, खजूर, हळीव यांची यादी घरोघरी तयार असते. यातलं जे खरोखर केलंत आणि आधी-नंतर हिमोग्लोबिन तपासलंत, तेवढंच इथे लिहा. सोबत गोळ्या चालू होत्या का, हेही सांगा. नाहीतर काम गोळ्यांचं आणि कौतुक लाडवांचं. (बायकांमध्ये १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात.)

अंबाडी : बाळंतपणानंतर माझं ९.४ होतं. आईने हळिवाचे लाडू सुरू केले, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या. दोन्ही घेतलं, ११.२ झालं. श्रेय कुणाचं ते देवाला ठाऊक, पण गोळ्यांनी धरलेलं पोट हळिवाने मोकळं झालं एवढं नक्की. गरोदरपणात मात्र आमच्याकडे हळीव देत नाहीत.

बिडाची कढई : गोळ्या सोसत नव्हत्या, म्हणून सासूबाईंची लोखंडी कढई माळ्यावरून काढली. चिंच-टोमॅटो घातलेल्या भाजीत लोह जास्त उतरतं. अळूचं फदफदं असं काळंकुट्ट झालं की मुलांनी ताटं सरकवली! आता शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढते आणि कढई पुसून तेलाचा हात फिरवते. १०.३ वरून वर्षभरात ११.१. सावकाश आहे, पण आहे.

कटिंग : मी नवीन काही खाल्लंच नाही. जेवणावरचा चहा तासभर पुढे ढकलला (चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही) आणि उसळीवर लिंबू पिळायला लागले. हिमोग्लोबिन अर्ध्या अंकाने वाढलं.

खाडीकाठ : तिसऱ्या आणि कलेजी. मांस-मासळीतलं लोह पालकापेक्षा कितीतरी सहज अंगी लागतं. शाकाहारी मंडळींनी राग मानू नये.

उल्हासनगरवाली : भाचीला लहानपणापासून बीट, डाळिंब, गूळ-शेंगदाणे. आकडा दहाच्या आसपास ठाण मांडून. 'अंगालाच लागत नाही हिच्या' म्हणून पोरीला बोलणी बसायची. शेवटी एका डॉक्टरांनी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार बघणारी) सांगितलं. लोहाचा साठा व्यवस्थित, निघाला थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला रक्तातला दोष, सौम्य रूपातला. आम्हा सिंध्यांमध्ये तो बराच आढळतो. अशाला ना बीट उपयोगी ना गोळी. लोह कमी नसताना उगाच लोह घेऊही नये. लग्न ठरताना मुलाचीही तपासणी करून घेतली, कारण दोघं मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर (त्याच आजाराचं गंभीर रूप) होण्याची शक्यता २५ टक्के. पत्रिकेआधी हे बघा हो.

धागाकर्ती : हे फार महत्त्वाचं लिहिलंत. बिटाबद्दल माझंही एक : १०० ग्रॅममध्ये जेमतेम १ मिलिग्रॅम लोह. रंगावर भुलतो आपण.

आशाताई : वाडीवरच्या मुलींचं सांगते. आधी जंताची गोळी, मग लाडू. शाळेतली आठवड्याची लोहाची निळी गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं, आणि मग त्या ती खिडकीतून फेकतात. जेवणानंतर द्या. पाळीत फार जात असेल तर तपासून घ्या, तिथे लाडू पुरे पडत नाहीत.

नवी सून : अंबाडीताई, लाडवांचं प्रमाण द्याल का?

अंबाडी : अर्धी वाटी हळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजव. दोन वाट्या ओलं खोबरं, दीड वाटी गूळ. मंद आचेवर परत, कडा सुटल्या की उतरव. जायफळ हवंच. फ्रिजमध्ये ठेव, ओल्या खोबऱ्याचे फार टिकत नाहीत.