डेन्मार्क पुढे, स्वीडन मागे: पण आपण नक्की काय मोजलं?

उत्तरायण

राहायला कोपनहेगनजवळ, नोकरी पुलापलीकडे स्वीडनमध्ये, असं माझं सात वर्षं चाललंय. दोन्हीकडच्या विद्यापीठांत ओळखी झाल्या आहेत आणि दोन्हीकडे एकच वाद ऐकतो: निबंध आणि सायटेशन मोजून विद्यापीठांची तुलना करावी की नाही. माझं मत, करावी. विरोधी मतं हवी आहेत म्हणून धागा काढतोय.

ज्यांचा याच्याशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या शोधनिबंधाचा दाखला दुसऱ्या संशोधकांनी त्यांच्या निबंधांत किती वेळा दिला, ते सायटेशन. वैद्यकातल्या निबंधाला जितके दाखले सहज मिळतात तितके गणितातल्या निबंधाला मिळत नाहीत. म्हणून प्रत्येक निबंध त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या जगभरच्या निबंधांशी ताडून बघतात. जगाची सरासरी 1 धरली तर 1.2 म्हणजे सरासरीपेक्षा 20 टक्के वर. दुसरी रीत अशी की विषयातल्या सर्वाधिक दाखले मिळालेल्या 10 टक्के निबंधांत तुमचे किती आहेत ते बघायचं. नॉर्डफोर्स्क या नॉर्डिक देशांच्या सामायिक संस्थेने अशा मापांनी विद्यापीठांची तुलना करणारे अहवाल 2011 मध्ये आणि पुन्हा 2017 मध्ये काढले.

आता मुद्दा. स्वीडन म्हणजे उप्साला (1477), लुंड (1666) ही जुनी विद्यापीठं, स्टॉकहोमचं कारोलिन्स्का हे वैद्यकीय विद्यापीठ, नोबेल. संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाचा जो हिस्सा हा देश खर्च करतो त्यात तो अनेक वर्षं जगात वरच्या रांगेत आहे. असं असूनही गुन्नार ओक्विस्ट आणि मॅट्स बेन्नेर यांनी 2012 मध्ये स्वीडिश विज्ञान अकादमीसाठी जो अहवाल लिहिला, त्यात सर्वाधिक दाखले मिळणाऱ्या निबंधांच्या बाबतीत डेन्मार्क, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड हे स्वीडनच्या पुढे निघून गेल्याचं मांडलं. कारणंही दिली: स्वीडिश विद्यापीठांचा स्वतःच्या हातातला मूळ निधी तोकडा, बाहेरच्या प्रकल्पनिधीवर फार भिस्त, जागा भरताना घरच्याच माणसांना घेण्याची सवय, नेतृत्व ढिलं.

हे कोणाला आकड्यांशिवाय कळलं असतं? जुन्या नावाच्या विद्यापीठात आपण उत्तमच आहोत असं सगळ्यांना वाटत असतं. हा पैसा करदात्याचा आहे, माझाही आहे. त्याचं काय झालं हे विचारायचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

शेवाळ

देशांची तुलना आणि विद्यापीठांची तुलना या दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एका दमात सांगितल्यात. देशाला सीमा आहे. विद्यापीठाची सीमा सरकार वाटेल तेव्हा हलवतं.

डेन्मार्कचंच घ्या. 2007 मध्ये तिथे 12 विद्यापीठांची 8 झाली आणि सरकारी संशोधन संस्थाही त्यांतच घातल्या. रिसो ही ऊर्जा-संशोधनाची मोठी प्रयोगशाळा एका रात्रीत डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठाची झाली. कृषी आणि पर्यावरण संस्था ऑरहूस विद्यापीठात गेल्या. प्रयोगशाळेतली माणसं तीच, उपकरणं तीच, निबंधावरचा पत्ता, म्हणजे लेखकाच्या नावाखालचं संस्थेचं नाव, तेवढा बदलला. मग 2005 चं ऑरहूस आणि 2010 चं ऑरहूस एकाच रेघेवर ठेवून काय कळणार?

नॉर्वेत याच्या नेमकं उलट आहे. तिथे उद्योगांसाठीचं पुष्कळ संशोधन विद्यापीठांबाहेरच्या संस्थांत होतं. ट्रॉन्डहाइमच्या तंत्रविद्यापीठाला खेटून सिंतेफ ही अशीच एक संस्था उभी आहे, कोण कुठे संपतं ते बाहेरच्याला उमगत नाही, पण मोजताना दोन खाती वेगळी. स्वीडनमध्ये असं काम बरंचसं विद्यापीठांतच होतं. तीन देशांत ‘विद्यापीठ’ हा शब्दच तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. तुमचा 1.2 कशाचा आहे ते आधी सांगा.

पुस्तकवारी

मी एका स्वीडिश विद्यापीठाच्या ग्रंथालयात हेच काम करते, म्हणून शेवाळ यांच्या म्हणण्यात रोजची भर घालते.

पत्त्याचा सगळ्यात मोठा घोळ रुग्णालयांचा. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये विद्यापीठाशी जोडलेली मोठी रुग्णालयं विद्यापीठाच्या मालकीची नाहीत, ती प्रांतांची आहेत. कोपनहेगनचं रिग्सहॉस्पिटल त्यातलंच. तिथला डॉक्टर अर्धा वेळ प्राध्यापक असतो. निबंधावर तो कधी विद्यापीठाचं नाव टाकतो, कधी रुग्णालयाचं, कधी दोन्ही, आणि घाईत असला की फक्त विभागाचं. आमच्याकडे एका वर्षाचे असे निबंध आम्ही दोघींनी हाताने तपासले. एका हृदयरोग गटाने विद्यापीठाचं नाव पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलं होतं. रुग्णालय विद्यापीठात मिळवलं तर आमची संख्या एक, वेगळं काढलं तर दुसरी, आणि वैद्यकात दाखल्यांची उलाढालच एवढी की वर-खाली व्हायला तेवढा फरक पुरतो.

तुलना करूच नये असं मी म्हणत नाही. पण अहवालाच्या मागच्या पानांवर पत्ते कसे जुळवले ते बारीक अक्षरात दिलेलं असतं. खरी गोष्ट तिथे आहे आणि कुलगुरू ते पान उघडत नाहीत.

उत्तरायण

शेवाळ, पुस्तकवारी, दोघांचे मुद्दे वजनदार आहेत. विलीनीकरणाचा मान्यच करतो. म्हणूनच नीट केलेल्या तुलनेत आज जी संस्था आहे तिच्यात तिचे जुने तुकडे मागच्या वर्षांसाठीही मिळवून धरतात. पत्ते तुमच्यासारख्या कोणीतरी बसून निवडले तर हा प्रश्न सुटणारा आहे.

पण माप खोटं आहे, म्हणून मापूच नका, हे मला पटत नाही. आकडे नसतील तेव्हा निर्णय थांबत नाहीत, ते ओळखीपाळखीवर होतात. परदेशातून आलेल्या आमच्यासारख्यांना त्या ओळखीपाळखीत जागा नसते, हे मी अनुभवाने लिहितोय.

तप्तझरा

आइसलंड कोणीच काढलं नाही. लोकसंख्या चार लाखांच्या आत-बाहेर, आइसलंड विद्यापीठ 1911 चं. दाखल्यांच्या तक्त्यांत हा देश मध्येच खूप वर दिसतो. कारण शोधलं तर बरंचसं एका कंपनीपाशी येऊन पोचतं: 1996 साली कारी स्टेफान्सन यांनी रेक्याविकमध्ये काढलेली डीकोड जेनेटिक्स. वंशावळींच्या नोंदी आणि लोकांचे जनुकीय नमुने जोडून तिने जे काम केलं त्याला जगभरातून दाखले मिळतात. असे निबंध बहुधा अनेक देशांतल्या गटांनी मिळून लिहिलेले असतात आणि त्यांवर विद्यापीठाचेही पत्ते असतात.

आता अशा निबंधाचं श्रेय कसं वाटायचं? लेखक असलेल्या प्रत्येक संस्थेला पूर्ण एक गुण दिला तर छोटा देश झेपावतो. एका निबंधाचे वाटे करून ज्याचा त्याला दिला तर तो खाली उतरतो. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. नॉर्डिक देशांतले निम्म्याहून अधिक निबंध परदेशी सहलेखकांसोबतचे असतात, त्यामुळे हा फरक आइसलंडपुरता राहत नाही. 2015 मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावरचा निबंध 5,154 लेखकांचा होता, 33 पानांतली 24 पानं नुसती नावं आणि पत्ते. यात कोणत्या विद्यापीठाने काय केलं हे दाखल्यांच्या संख्येवरून कोण सांगणार?

मधली आळी

माझा विरोध याहून मुळातला आहे. सरासरीलाच आहे.

नॉर्वेचे पेर सेग्लेन यांनी 1992 मध्ये दाखवलं की एकूण दाखल्यांपैकी निम्मे दाखले जेमतेम 15 टक्के निबंधांना मिळालेले असतात. बाकीचे निबंध उरलेल्या निम्म्यावर. असं असताना विद्यापीठाची ‘सरासरी’ म्हणजे गावात एक साखरसम्राट राहायला आला म्हणून गावाचं दरडोई उत्पन्न वाढलं, तसं. वरच्या 10 टक्क्यांचं माप थोडं बरं, पण लहान विद्यापीठात तेही दोनचार निबंधांवर डोलतं.

आणि दाखला म्हणजे गुण नव्हे. कारोलिन्स्कात असताना पाओलो मॅकियारिनी यांनी कृत्रिम श्वासनलिका बसवल्याचा निबंध 2011 मध्ये लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये आला. त्याचे दाखले दिले गेले, ते मोजलेही गेले. तो निबंध 2018 मध्ये मागे घेतला. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या त्यांतले रुग्ण दगावले होते. 2023 मध्ये स्वीडनच्या वरिष्ठ न्यायालयाने मॅकियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा दिली. आत्ता 2013 सालचा तक्ता काढून बघितला तर तो निबंध कारोलिन्स्काच्या जमेच्या बाजूलाच आहे. करदात्याचा पैसा म्हणता ना? त्याचं काय झालं ते हा आकडा सांगत नाही.

उत्तरायण

तो प्रसंग भयंकर होता आणि कोणताही निर्देशांक तो पकडू शकला नसता, हे कबूल. पण मधली आळी, चार सहकारी डॉक्टरांनी धोका पत्करून तक्रार केली तेव्हा संस्थेच्या प्रमुखाने आधी त्यांची बाजू फेटाळली होती. तज्ज्ञांचा ‘आतला’ निर्णयच तिथे चुकला. म्हणजे माणसांवर सोडलं की सगळं नीट होतं, हेही सिद्ध होत नाही.

वाळूचा किल्ला

ओस्लोत राहतो, मराठी आणि इतिहास हे माझे विषय, म्हणून भाषेबद्दल लिहितो.

स्वीडनने 2009 पासून संशोधनाच्या मूळ अनुदानातला एक हिस्सा निबंध, त्यांचे दाखले आणि बाहेरून आणलेला निधी यांवर वाटायला सुरुवात केली, आणि त्यासाठी वेब ऑफ सायन्स हा निबंधांचा आणि दाखल्यांचा माहितीसाठा वापरला. त्यात स्वीडिशमधलं पुस्तक जवळजवळ नाहीच. नॉर्वेने त्याआधीच दुसरी वाट धरली होती. दाखले मोजायचेच नाहीत, देशातल्या सगळ्या संशोधकांची सगळी प्रकाशनं एका नोंदवहीत घ्यायची आणि प्रकाशनाच्या दर्जानुसार गुण द्यायचे. साध्या जर्नलमधल्या निबंधाला 1, वरच्या पातळीच्या जर्नलमधल्याला 3. एकलेखकी ग्रंथाला 5, वरच्या प्रकाशकाकडचा असेल तर 8. मग तो ग्रंथ नॉर्वेजियनमध्ये असला तरी चालतो. फिनलंडने याच धर्तीवर स्वतःच्या याद्या केल्या आणि 2021 च्या सूत्रात विद्यापीठांच्या मूळ निधीतला 14 टक्के भाग प्रकाशनांवर ठेवला.

हे आपल्यालाही लागू आहे म्हणून सांगतो. भारतात 2016 पासून निघणारी एनआयआरएफ ही विद्यापीठांची सरकारी क्रमवारी वेब ऑफ सायन्स आणि तसाच दुसरा माहितीसाठा स्कोपस वापरते. एखाद्या प्राध्यापकाने मोडी कागदपत्रांवर दहा वर्षं घालवून मराठीत ग्रंथ लिहिला तर त्या क्रमवारीत त्याच्या विद्यापीठाला काहीच मिळत नाही. ट्रॉम्सोमधल्या संशोधकाला नॉर्वेजियन ग्रंथाचे 5 मिळत होते.

शेवाळ

मिळत होते, हेच खरं. 2021 संपता संपता डेन्मार्कने त्यांची तशीच गुणपद्धत बंद केली. नॉर्वेने 2025 पासून प्रकाशनगुण अनुदानाच्या सूत्रातून काढले. ज्यांनी ही पद्धत बांधली आणि जवळून पाहिली तेच मागे सरले.

आणि उत्तरायण, डेन्मार्कचं यश तुम्ही अहवालातल्या कारणांनी समजावता. 2003 च्या विद्यापीठ कायद्याने बाहेरच्या सदस्यांची मंडळं आणि नेमलेले प्रमुख आले, म्हणून डेन्मार्क पुढे गेला, असं पुष्कळ जण सांगतात. पण डेन्मार्कचे दाखले नव्वदीच्या सुरुवातीपासूनच चढत होते. कायद्याच्या दहा वर्षं आधीपासून. कारण नंतर आणि परिणाम आधी, असं कसं? चढ दिसला हे आकड्यांनी सांगितलं. तो का आला हे सांगताना प्रत्येकाने आपल्या आवडीची सुधारणा त्याला चिकटवली.

उत्तरायण

हा मुद्दा मला आधी माहीत असायला हवा होता. मी स्वतः 2003 चा कायदा दोनदा लोकांसमोर कारण म्हणून सांगितला आहे.

तरी एक विचारतो. डेन्मार्क चढला, स्वीडन सपाट राहिला, हा फरक खरा आहे की नाही? की पत्ते आणि विलीनीकरणानेच तो झालाय?

पुस्तकवारी

देशाच्या पातळीवर खरा आहे. देशाच्या आत संस्था कशाही हलवल्या तरी बेरीज तीच राहते, म्हणून शेवाळ म्हणाले ती अडचण तिथे येत नाही. वैद्यकाने किंवा एखाद्या बलाढ्य निबंधाने सगळं ओढलं का, ते विषयवार काढून बघता येतं. विद्यापीठवार मात्र मी सही करणार नाही.

आमच्याकडे दर वसंतात हे तक्ते येतात. यंदा मी आमच्या विद्यापीठाची ओळ तीनदा काढली: रुग्णालयासकट, रुग्णालय वगळून, आणि श्रेयाचे वाटे करून. तिन्ही एकाच पानावर एकाखाली एक छापून पाठवल्या. उत्तर आलं की बैठकीसाठी एकच हवी, कोणती वापरायची ते कळवा. मी तिन्ही पुन्हा पाठवल्या आहेत.